दवाखान्यातलं हळदीकुंकू

मी एकदा दवाखान्यात हळदीकुंकू केलं होतं. हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल तर ती तशीच राहू द्या, पुढे लागणार आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू, सुगडांसकट, ऊस-बोरं-हरभऱ्यासकट, टेम्पोभर बायकांसकट. आणि तेही कुणाच्या खाटेभोवती, तर जिला जंतूंपासून जपायला म्हणून डॉक्टरांनी वॉर्डातून हलवून कोपऱ्यातल्या खोलीत एकटीला ठेवलं होतं तिच्या. ती माझी धाकटी जाऊ, शकू. ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्यावर त्या दिवशी शेवंतीची भरगच्च वेणी होती. डोक्याला जी काय शोभा होती ती बाहेरूनच.

पौष लागला की चिखलीच्या रस्त्यावर हातगाड्यांवर बोरं येतात. आमच्याकडे आता येतं ते सगळं गाड्यांवरूनच. जिथे आमचा पावटा आणि हरभरा होता तिथे आता एका बाजूला पत्रे कापायचं वर्कशॉप आहे आणि दुसऱ्या बाजूला इतकी उंच इमारत, की तिच्या सावलीत आमच्या अंगणातली तुळस दुपारपर्यंत थंडीने काकडते. यंदा तर नातीने मोबाईलवर बोट फिरवलं आणि दारात सुगडं हजर. चकचकीत प्लास्टिकमध्ये बांधलेली, आत उसाचा एवढासा तुकडा, चार बोरं, गाजराची एक चकती. "बघ आजी, किती स्वच्छ!" म्हणाली. खरंच स्वच्छ होती. बोरांना मातीचा कण नव्हता. मी एक तोंडात टाकलं. गोड होतं, गुळगुळीत होतं, आणि त्यात काहीतरी नव्हतं. नात म्हणाली, "काय झालं? खराब आहे का?" म्हटलं, "न्हाई गं. लई चांगलं हाय." बी मात्र मी खिडकीतून लांब उडवली, वर्कशॉपच्या पत्र्यावर टण्णकन आवाज येईल इतकी. शकू असती तर तिची बी पत्र्याच्या पलीकडे गेली असती.

ती चाकणच्या पलीकडच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या संक्रांतीला मीच तिला काळी साडी नेसवली, हलव्याचे दागिने घातले. बाजूबंद बांधून वळते तोवर या बाईने गळ्यातल्या हाराचे दोन पदर खाऊन टाकलेले. "आक्का, लई भूक लागली व्हती," म्हणाली आणि साखरेच्या ओठांनी हसली. मी सासूबाईंना सांगितलं, मुंग्या लागल्या होत्या. त्या दिवसापासून आमची जमली ती जमलीच.

थंडीत भल्या सकाळी आम्ही दोघी हरभऱ्यात जायचो. हरभऱ्याच्या पानांवर रात्रीची आंब धरते, खारट-आंबट. रिकाम्या पोटी तिचा थेंब जिभेवर पडला की डोळे आपोआप मिटतात. आम्ही पदर झाडांवरून ओढत न्यायचो, तो ओला व्हायचा आणि मग तो पिळून प्यायचो. पिळायचा तरी कशाला म्हणा, चोखायचोच. माझा पदर ती, तिचा मी. उष्टं-खरकटं हा शब्द आमच्या दोघींत नव्हताच. एका बोराचा अर्धा चावा तिचा, अर्धा माझा. आंबट निघालं की मात्र सगळं माझं. या सवयीचं पुढे काय झालं ते सांगतेच.

तिचे गाल लाल व्हायला लागले ते असंच कधीतरी. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल पट्टा, उन्हात गेली की आणखी गडद. आम्हा बायकांना काय कळतंय? विहिरीवर एकजण म्हणाली, "काय तेज आलंय गं शकूच्या तोंडावर!" दुसरी म्हणाली, "नवरा तूप चारत आसंल." शकू पदराआड हसायची आणि रात्री सुजलेल्या बोटांनी भांडी घासायची. मग सांधे धरले, केस गळायला लागले, तोंडात फोड यायचे. मी शहाणी. मी तिला निर्गुडीचा शेक दिला, एरंडेल दिलं, आणि सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे रोज सकाळी उन्हात बसवलं. "कवळं ऊन खा, हाडं निबर व्हत्यात." ऊनच तिचा वैरी आहे हे कळायला आम्हाला दोन-तीन हिवाळे लागले.

शेवटी विलासभाऊजी, माझा दीर, तिचा नवरा, चाकणच्या कंपनीतली शिफ्ट बुडवून तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आले ते नुसतेच ओट्यावर बसले. म्हणाले, "वैनी, लुपस का लोपस काय तरी हाय. बरं व्हत न्हाई म्हनं. सांभाळायचं आस्तंय." शकू आतून ओरडली, "लपस! लपून बसतंय म्हनून लपस!" पुढे ती त्याला लपसाबाईच म्हणायला लागली. "आज लपसाबाई गुडघ्यात आल्यात मुक्कामाला." "लपसाबाईंनी आज केसाची वाटणी मागितली." पाहुणी घरात ठाण मांडून बसली की तिच्याशी जुळवून घेतात, तसं तिने घेतलं. मला नाही जमलं. मी त्या पाहुणीला हाकलायच्याच मागे.

मग ती पाहुणी मूत्रपिंडात उतरली. पाय सुजले, तोंड सुजलं, आणि ऐन पौषात शकूला दवाखान्यात ठेवावं लागलं. भारी औषधं सुरू झाली. मी भेटायला गेले तेव्हा तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं, हे मी लपवणार नाही. म्हणाली, "आक्का, आपल्या वाड्यावरची राखणीची कुत्री येडी झाली आन् घरच्यालाच चावाया लागली तर काय करशील? गुंगीचं औषध घालशील. डागदर माझ्या आतल्या कुत्र्यांस्नी त्येच घालत्यात. पर आता चोर आला, तर भुकायचं कुनी?" मी म्हटलं, "चोर कशाला येतोय? मी हाय की!" आणि दोघी हसलो. ती जरा कमी हसली.

संक्रांत दोन दिवसांवर आलेली. त्या वर्षी पाळी आमच्या घरची होती, भावकीतल्या सगळ्या बायका आमच्याकडे यायच्या होत्या. शकू म्हणाली होती, "यंदा माजं वाण चुकलं बघ." एवढंच म्हणाली, तेही छताकडे बघत. पण माझ्या काळजाला ते असं लागलं, की मी उठले ती सरळ कुंभारवाड्यात.

आमच्यात आजाऱ्याला भेटायला किती माणसं आली यावरून घराची किंमत ठरते. एकटादुकटा आला तर लोक विचारतात, "का हो, भावकीत काय भांडण?" तेव्हा मला वाटलं, आपल्या शकूच्या खाटेभोवती अशी गर्दी करावी की त्या दवाखान्याने बघत राहावं. पैठणी काढली. नथ घातली. सलीमभाईंचा टेम्पो सांगितला. एरवी ते चाकणला कंपन्यांचे सुटे भाग पोचवायचे. बायका चढताना बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "भाभी, अस्पतालमध्ये चाललो का वरातीला?" मी म्हटलं, "तुमी गाडी हाका." वाटेत त्यांनी एकदा आरशातून विचारलं, "अंदर सोडतील एवढ्यांना?" मी नथ सावरली.

पास एका वेळी दोघींना होता. आमच्या बायका कुठल्याही वॉचमनला भारी. दोघी पुढच्या दाराने, दोघी लिफ्टने, एकीने सांगितलं मी पेशंटची आई, तिच्याच वयाच्या दुसरीनेही तेच सांगितलं. म्हाताऱ्या आत्याबाई खोकतच होत्या, त्यांना बघून वॉचमननेच खुर्ची दिली आणि म्हणाला, "ओपीडी तिकडे." आणि मी सगळ्यात पुढे, हातात सुगडाचं ताट, वर रुमाल. जगात माझ्याइतकं हुशार कुणी नाही असं मला वाटत होतं. मलाही दोन दिवसांपासून पडसं होतं. पण थंडीत पडसं कुणाला नसतं? नाक पदराला पुसायचं आणि कामाला लागायचं.

त्या खोलीत फिनेलचा वास होता. आम्ही शिरलो आणि तिथे ओल्या मातीच्या सुगडांचा, शेवंतीचा, हळदीचा, आणि नुकत्या उपटलेल्या हरभऱ्याचा वास पसरला. त्याच्या मुळांना अजून शेतातली माती होती. शकू औषधांनी फुगलेली, चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल. एकजण म्हणाली, "बाई, दवाखाना मानवला गं तुला! कशी गुबगुबीत झालीस!" दुसरीने तिच्या पायाशी बूड टेकलं. मी एका बोटाने सगळ्यांना हळद लावली, कुंकू लावलं, तेच बोट शकूच्या कपाळाला. वाण होतं साबणदाणीचं. हसा. मीही हसते. हात धुवायची अक्कल एकीला नव्हती, पण साबणदाणी प्रत्येकीच्या हातात.

आणि मग मी तिळाचा लाडू घेतला. लाडू कडक झाला होता, म्हणून मी तो दातांनी फोडला आणि अर्धा तिच्या तोंडापुढे धरला. शकू थबकली. "आक्का, डागदर बाहेरचं नगं म्हनत्यात. कच्चं नगं, हाताळल्यालं नगं." मी म्हटलं, "मी का बाहेरची हाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

तिचे डोळे त्या वेळी कसे चमकले ते मला अजून दिसतं. खरं सांगू, त्या खोलीतला तो गोंधळ, खिडकीतून आलेलं ऊन टाळायला तिने डोक्यावरून ओढलेली चादर, तिच्यात अडकलेली बोरं, आत्याबाईंनी खोकत खोकत घेतलेला उखाणा, आणि त्यावर पोट धरून हसणारी शकू, हे सगळं मी पुसून टाकावं असं मला वाटायला हवं. वाटत नाही. मूर्ख होते, पण तो तास मला परत हवा आहे. तेवढ्यात सिस्टर आली आणि दारातच किंचाळली, "अहो, हे काय, लग्न आहे का इथे? बाहेर! सगळ्या बाहेर!" आम्ही पैठण्या सावरत जिन्याने पळालो. टेम्पोत बसून पुन्हा हसलो.

दोन-तीन दिवसांनी शकूला ताप भरला.

डॉक्टरीणबाई लहान वयाची होती, डोळ्यांखाली काळं आलेली. तिने विलासभाऊजींना आणि मला बाहेर उभं करून सांगितलं, "काकू, ताप लुपसचा असेल तर मला औषध वाढवायला हवं. ताप जंतूंचा असेल तर तेच औषध कमी करायला हवं. वरून दोन्ही ताप सारखेच दिसतात. रक्त तपासायला दिलंय. तोवर आम्ही थांबलोय." एकच ताप आणि दोन उलट्या वाटा. चुकीची धरली तर माणूस जातो. इतकं साधं आणि इतकं भयंकर मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग फोटोत छातीत डाग दिसला. न्यूमोनिया. शकूला आयसीयूत नेलं.

मी डॉक्टरीणबाईला कोपऱ्यात गाठलं आणि बोरं, हरभरा, लाडू, पडसं, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ही आता मला झाडेल. मला झाडून घ्यायचंच होतं. ती म्हणाली, "असं करायला नको होतं. पण हे तुमच्यामुळेच झालं का, ते सांगता येत नाही. सलाईनच्या सुईतून होतं. इथल्या हवेतून होतं. पुष्कळदा पेशंटच्या स्वतःच्याच अंगावरचे, पोटातले जंतू असतात. एरवी ते गुमान राहतात." शिवी दिली असती तर मी घेऊन घरी गेले असते. "सांगता येत नाही" हे घेऊन कुठे जायचं?

आमच्या भावकीने बोलून दाखवलं नाही, पण बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायला लागल्या. विलासभाऊजी रात्रपाळी करून दवाखान्यात बसायचे, डोळे तांबडे. शकू वाचेल का, एवढाच प्रश्न घरात होता, आणि तो कुणी उच्चारत नव्हतं. मी देवीपुढे पदर पसरला आणि बोलले, शकू उठली की मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही.

शकू उठली. आयसीयूतून बाहेर आली. मी बोलले होते, मी गेले नाही. डबा मात्र पाठवायचे. डबा उकळत्या पाण्यातून काढायचा, भात शिजवून शिजवून खिमट करायचा, झाकणाला बोट लागलं तर पुन्हा धुवायचं. भाऊजी म्हणायचे, "वैनी, ती इचारती तुमच्याबद्दल." मी म्हणायचे, "खोकला हाय म्हनून सांगा." तिचा फोन आला तर मी तो वाजू द्यायची. याला मी तेव्हा प्रायश्चित्त म्हणत होते. काय तो तोरा! पैठणी नेसून गेले तेव्हाही सगळ्यांनी मला बघावं असं होतं, आणि घरी बसले तेव्हाही मीच. आजारी पडली होती ती, आणि देव्हाऱ्यापुढे मुसमुसत होते मी.

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून दूध ठेवलं. दूध उतू जाईतो सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं असतं. दरवर्षी आम्ही दोघी उभ्या राहायचो आणि दूध कुठल्या दिशेने उतू जातंय यावरून पावसाच्या पैजा लावायचो. त्या वर्षी मी एकटीच. ऊन अंगावर आलं, छान उबदार, आणि एकदम मनात आलं की मी हात कुणाला जोडतेय? याच उन्हाने तिचे गाल जाळले. दूध उतू गेलं, कुठल्या दिशेने ते मी बघितलंच नाही. बोरं संपत आली होती. सुगडातला राहिलेला हरभरा वाळून काळा पडला होता, तो मी तसाच मागच्या दारी नेऊन टाकला.

त्याच दिवशी भाऊजी आले. शकूला पुन्हा ताप. कमरेभोवती पुरळाचा पट्टा, आग आग होतेय म्हणे. नागीण. भावकी गोळा झाली. "गेरू लावा!" "तोंड-शेपूट जुळाया देऊ नगा!" मी मात्र ओट्यावर बसून राहिले. या वेळी मी गेले नव्हते. भाऊजींशिवाय कुणीच गेलं नव्हतं. मग हे कुठून आलं?

डॉक्टरीणबाईने भाऊजींना सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं. शकूला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या. त्या गेल्या असं सगळ्यांना वाटलं, पण त्या गेल्याच नव्हत्या. तिच्या मणक्यापाशी, नसांच्या मुळात, इतकी वर्षं झोपून होत्या. राखणदार गुंगीत गेले तशा उठल्या. मला आठवलं, शकूने मला त्या कांजिण्यांची गोष्ट सांगितली होती. माहेरी तिला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं आणि तिच्या आजीने देवीची गाणी म्हटली होती. ती सहा-सात वर्षांची पोर, तो पाला, ती गाणी, सगळं तिच्या आत होतं आणि त्याच्याच शेजारी हेही. माणसाच्या अंगात कोण कोण मुक्कामाला असतं, आणि आपण मात्र बाहेरून आलेल्यांनाच चोर म्हणतो.

शकू त्यानंतर बरीच वर्षं जगली. मध्ये सगळ्या जगाने तोंडं बांधली, हात धुतले, अंतर ठेवलं, तेव्हा ती म्हणाली, "आता समद्यांनाच लपसाबाई भेटल्या." दवाखान्याच्या वाऱ्या चालूच राहिल्या. मी प्रत्येक वेळी गेले. एकटी गेले, साध्या साडीत, कोपरापर्यंत हात धुऊन, पडसं असेल तर दाराबाहेरूनच हात हलवून. गेली ती परवाच्या उन्हाळ्यात. पुन्हा न्यूमोनियाच होता, आणि या खेपेला तिचं अंग थकलं होतं. तिचा हात माझ्या हातात होता. धुतलेल्या हातात. हातमोज्यातून तिची बोटं कळेनात, म्हणून सिस्टरने मान फिरवली तेव्हा मी मोजा काढला होता, तेवढं सांगून टाकते.

आता बोरं आली की घरात कुणाला कळत नाही, ही बाई तोंडात बी धरून इतका वेळ गप्प का बसते. हळदीकुंकवाला मला बोलावतात. नवरा जाऊन किती वर्षं झाली तरी मी जाते आणि कपाळ पुढे करते. कुणी कुरकुरलं तर म्हणते, "लाव गं, कुंकू वाया जातंय." शकूने हे बघून टाळी दिली असती. टाळी द्यायला हात पुढे होतो आणि तसाच खाली येतो.

पण त्या हिवाळ्याचं एक राहिलंच. नागीण सुकायला लागली तेव्हा भाऊजी पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "वैनी, ती जेवत न्हाई. तुमी येताय का मी उचलून नेऊ?" मी गेले. दारातच थांबले, तोंडाला पदर बांधून, दरोडेखोरासारखी. शकू भिंतीकडे तोंड करून निजली होती. डोक्यावरचे केस विरळ झालेले, मनगटावर सुयांचे निळे डाग. तिने वळून बघितलं. मी म्हटलं, "शके, मी आत येत न्हाई. माझ्यामुळं तुला..." ती माझ्या त्या बांधलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग उशीवर कोपर टेकून, धापा टाकत, अर्धी उठून बसली आणि म्हणाली,

"आक्का, तू आलीस तवा बी ताप आला, आन् न्हाई आलीस तवा बी ताप आला. मग येत जा की."